क्रुसावरचे चार आकडे

इस्टरनंतरचा नववा दिवस, म्हणजे मेलेल्यांना भेटायचा दिवस. अगाफ्या निकितिच्ना रंगाचा डबा आणि चार रंगीत अंडी घेऊन घराबाहेर पडली. रंग चंदेरी, वेधशाळेच्या घुमटाचा. तिचा नवरा त्रोफिम जन्मभर तो घुमट रंगवत आला, आणि आता त्याच्या क्रुसालाही तोच रंग लागत होता.

कबरस्तानाच्या फाटकाशी रिम्मा उभी होती. ती आणि अगाफ्याचा मुलगा लिओंती वेधशाळेत वीस वर्षं शेजारी बसून आकाशाच्या फोटोंच्या काचांवरचे ठिपके मोजत. लिओंतीला, घरच्यांच्या ल्योन्याला, जाऊन दोन महिने झाले होते.

"आगाशामावशी, पत्रक आलंय. ल्योन्याने शोधलेल्या लघुग्रहाचं नाव छापून आलं."

"नवीन काय सांगतेस? वेरेत्निकोव. माझ्या त्रोफिमचं नाव! त्या ग्रहाचा नंबर मी दोन वर्षांपूर्वीच त्याच्या क्रुसावर ठोकून घेतलाय."

मागून येणारी शेजारीण क्लाव्दिया खिदळली. "त्रोफिम वर गेल्यापासून हिचे पाय कुठे जमिनीवर आहेत!"

"तुझ्या नवऱ्याचं नाव तर रेशनच्या यादीतही सापडत नाही. चल, पुढे हो," अगाफ्या म्हणाली. "वाच गं, रिम्मा. मोठ्याने वाच, हिलाही ऐकू दे."

रिम्माने क्लाव्दिया लांब जाईपर्यंत कागद उघडलाच नाही. मग हळू आवाजात वाचलं, "सुप्रसिद्ध निसर्गचित्रकार वेरेत्निकोव यांच्या सन्मानार्थ."

"चित्रकार नाही, रंगारी म्हण."

"चित्रकारच लिहिलंय, मावशी. दुसराच माणूस आहे. मरून शंभर वर्षं झाली त्याला. ग्रहाला नुसतं आडनाव देतात, म्हणून..."

अगाफ्याला तो दिवस आठवला. ल्योन्या सूप पीत होता. म्हणाला, "आई, नाव वेरेत्निकोव पाठवलंय." तिने त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. "बापाचं नाव दिलंस रे, पोरा!" त्याने मान वर केली नाही. थोडा पाव मागितला. त्याचा गळा भरून आला असेल, असं तिला वाटलं होतं.

शिकून मोठा झाल्यावर हा मुलगा, बाप घुमटावर लोंबकळत असला की दुसऱ्या वाटेने जायचा. एकदा पाहुण्यांनी विचारलं, "वर कोण आहे?" तर म्हणाला, "कुणी रंगारी." त्रोफिमने ते वरून ऐकलं आणि त्या रात्री तो जेवला नाही. बापाची माफी मागायला ल्योन्याने आकाशात नाव लिहिलं, असं समजून अगाफ्या दोन वर्षं ताठ मानेने चालली होती.

"मावशी, घुमट रंगवणाऱ्याचं नाव ग्रहांची नावं ठरवणाऱ्या कमिटीने घेतलं नसतं. कदाचित म्हणूनच त्याने हे..."

"त्याने तुला तसं सांगितलं का?"

रिम्मा म्हणाली, "नाही."

"मग माझी समजूत काढू नकोस."

दोघी कबरीपाशी आल्या. त्रोफिमच्या क्रुसावरच्या पाटीवर ग्रहाच्या नंबरचे चार आकडे खोल उमटले होते. अगाफ्याने ब्रश बुडवला आणि ते बुजवायला घेतले. रंगाचा एक हात, दुसरा हात, तिसरा, आकडे दिसेनासे होईपर्यंत. "माझ्या जिभेने तुला वर चढवलं रे," ती पुटपुटली. "ये आता खाली."

शेजारी ल्योन्याचा नवा लाकडी क्रूस होता. त्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कागदावर आणखी काय आहे?" मान न वळवता तिने विचारलं.

"कुणी शोधला ते. एल. टी. वेरेत्निकोव."

"टी कशाचा?"

"त्रोफिमोविच. त्रोफिमचा मुलगा."

"एवढंच अक्षर?"

"एवढंच, मावशी."

अगाफ्याने बाप-लेकाच्या कबरींवर दोन-दोन अंडी ठेवली. मग कागद मागून घेतला, गुडघ्यावर पसरला आणि एकेक आकडा पाहून पाहून ल्योन्याच्या क्रुसावर उतरवला. शेवटचा आकडा ओघळला. रिम्मा मदतीला वाकली.

"राहू दे. पुढचं मला येतं."

आणि तिने आकड्यांखाली दोन रेघांचं ते टी अक्षर काढलं, कागदाकडे न बघता.