मास्तरांचं बोट

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मास्तरांना शब्द सापडेनासे झाले. पंचवीस वर्षं त्यांनी वर्कशॉपच्या सीएनसी मशीनचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणाऱ्या यंत्राचे, प्रोग्राम एकाच जुन्या सॉफ्टवेअरवर केले होते. आता साधं 'पाणी'सुद्धा ओठांवर येऊन निसटायचं. चार महिन्यांनी बायको त्यांना वर्कशॉपमध्ये सगळ्यांना भेटवायला घेऊन आली. त्यांच्या जागी नेमलेली प्रोग्रामर तेव्हा त्याच सॉफ्टवेअरवर पंपाच्या झाकणाचं काम करत होती. कटर कसा फिरणार, ते पडद्यावर हिरव्या रेषांत दिसत होतं.

मास्तर बघत राहिले. मग त्यांनी एका रेषेवर बोट टेकवलं. "ते... ते..." पुढे काही येईना. कपाळाला घाम फुटला. शेवटी त्यांनी लुळा उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर डावी मूठ आपटली.

"अगं बाई, क्लॅम्प!" प्रोग्रामर ओरडली. "झाकण पकडायचा क्लॅम्प या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. कटर थेट त्याच्यावर आदळला असता!"

तिनं कटरची उंची वाढवली. मास्तरांनी मान डोलावली.

"मास्तर, रोज तासभर याल का?"

"मी आणून सोडीन," बायको म्हणाली. "घरी नुसते भिंतीकडे बघत बसतात हो."

मास्तरांनी तोवर खुर्ची ओढून घेतली होती.