लाल गाडीची दातखीळ

डॉक्टरांनी चावी घातली, फिरवली, आणि ती फिरली नाही.

आधी त्यांनी काही झालंच नाही असा चेहरा केला. चावी काढून सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली. नाही. उलटी करून घातली. नाही. जुन्या गाड्यांची चाकं वाकडी राहिली की स्टिअरिंगचं कुलूप ताण घेऊन बसतं, म्हणून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवायची असते, हे ज्ञान ते भेटेल त्याला फुकट वाटत आले होते. आज स्वतः वापरून पाहिलं. तरी नाही. शेवटी शेडमध्ये आपल्याशिवाय कोणी नाही याची खात्री करून त्यांनी गाडीला चक्क हात जोडले. गाडीला त्याचंही काही वाटलं नाही.

डॉक्टर दातांचे. अख्खी हयात दुसऱ्यांच्या जबड्यात डोकावण्यात गेलेली. माणसाला दातखीळ बसली तर ती कशी सोडवायची, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. स्वतःच्या गाडीलाच ती बसल्यावर मात्र त्यांचीच बोबडी वळायची वेळ आली.

गाडी म्हणजे लाल रंगाची, लांब नाकाची, कापडी टपाची, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं नसतं, सांडायचं असतं. उतरताना डॉक्टरांच्या गुडघ्यांतून येणारा आवाज इंजिनाच्या वरताण. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती घरी आणली तेव्हा सगळे नातेवाईक बघायला जमले होते. थोरली बहीण म्हणाली, "केसांना कलप लावण्यापेक्षा हे बरं. निदान उशीला डाग पडत नाहीत." सगळे पोट धरधरून हसले. बायको हसली नाही. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरातही तिची नजर तशीच, एका फटक्यात चूक शोधणारी. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि भर मंडळींत जाहीर केलं, "या डबड्यात मी बसले तर माझं नाव बदलून ठेवा!"

ती कधी बसली नाही. वर्षं लोटली, नाव तेच राहिलं. दर रविवारी डॉक्टर एकटेच चक्कर मारायचे, शेजारच्या रिकाम्या सीटवर पेपर ठेवायचे आणि वळणावर तो घसरला की त्याला सावरायचे. लोकांना वाटायचं, काय ऐट आहे! ऐट कसली डोंबलाची? पेपरला सावरणारा माणूस तो.

आणि आता गाडी विकायची होती. संध्याकाळी एक वकील ती न्यायला येणार होते. का विकायची, तर महिन्याभरापूर्वी जेवताना बायको सहज बोलून गेली, "आपल्या शेडमध्ये दुपारचा उजेड काय सुंदर येतो!" डॉक्टरांनी लगेच निदान केलं. हिला चित्रं काढायला ती जागा हवीय आणि आपली गाडी आडवी येतेय. बस्स, त्याग करायचा! आता, त्याग करायचा आणि कोणाला कळू द्यायचा नाही, इतके काही डॉक्टर थोर नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घसा खाकरून गाडी विकत असल्याचं सांगितलं आणि कौतुकाची वाट बघत बसले. बायको एवढंच म्हणाली, "बरं." मग उठली आणि आधीच लख्ख असलेलं पातेलं बराच वेळ घासत राहिली. डॉक्टर मनात चरफडले. एवढा मोठा त्याग, आणि बरं?

खरं सांगायचं तर त्यांना गाडी विकायची नव्हतीच. त्यांना बायको एकदा शेजारी बसलेली हवी होती. वारा तोंडावर येतोय, ती केस सावरतेय, आणि आपण काहीतरी बोलतोय. एवढ्याचसाठी त्यांनी हा लाल पसारा घेतला होता, आणि हे तोंडाने सांगायचं त्यांना आजवर जमलं नव्हतं. आज सकाळी धीर करून विचारलं, "गाडी जायच्या आधी एक चक्कर मारायची का? दोघांनी?" बायकोने वर पाहिलं आणि म्हणाली, "बघू."

बघू! इतकी वर्षं नुसतं 'नाही' ऐकलेल्या माणसाला 'बघू' म्हणजे लॉटरीच की. ती वर आवरत होती. आणि खाली ही अवदसा तोंड मिटून बसलेली.

गाडीच्या तक्रारी तशा आधीपासून होत्या आणि डॉक्टरांनी त्या प्रत्येकीचं निदान केलेलं होतं. पेट्रोल पाहता पाहता संपायचं. निदान, कार्बोरेटर गळतो. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकायची. निदान, पट्टी झिजली. आतला आरसा दर वेळी खाली झुकलेला; निदान, स्क्रू ढिला. किलोमीटर मोजणारा काटा गाडी घेतली तेव्हापासूनच मेलेला, त्यामुळे हिशेबाला जागाच नव्हती. मिस्त्रीने त्यांच्या हट्टापायी कार्बोरेटर दोनदा खोलला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गाडी ठणठणीत आहे. पेट्रोल जळतंय म्हणून संपतंय." डॉक्टरांना त्याची कीव आली. बिचाऱ्याला गाडीतलं कळत नाही, असं त्यांनी घरी येऊन सांगितलंसुद्धा. तेव्हा बायकोला अचानक खोकल्याची उबळ आली होती.

आता त्याच मिस्त्रीला फोन करायची वेळ आली. 

"जोर लावू नका हं," तिकडून मिस्त्री म्हणाला. "चावी आत तुटली तर सगळं कुलूपच उतरवावं लागेल. कुलपात तेलबिल सोडत नाही ना? तेलावर धूळ बसते, आतल्या पत्त्या चिकटतात."

"छे छे," डॉक्टर म्हणाले. "तेल कशाला सोडीन?"

फोन ठेवला आणि ते स्वतःशीच ओशाळले. रोज रात्री ब्रश करतो म्हणून किडक्या दाताची शपथ घेणारे पेशंट त्यांनी जन्मभर झापले होते. आणि स्वतः दर रविवारी, न चुकता, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब या कुलपात सोडायचे. लाडाने. वर विचारायचे, "बरं वाटलं का गं?" गाडीला, अर्थात. बायकोला असं कधी विचारलं होतं, ते आठवेना.

मग त्यांनी दवाखान्यातली पेटी आणली. स्पिरिट, बोथट सुईची सिरिंज, कापूस, हवा मारायचा रबरी फुगा, छोटा आरसा. कपाळाला दिवा बांधला. गाडीत सांडले, स्टिअरिंगखाली मान घातली, आणि तिथेच अडकले. पोट एकीकडे, गिअरची दांडी भलतीकडे. पाय दाराबाहेर. या अवस्थेत आपण कोणाला दिसलो तर दवाखान्याला कुलूप लावावं लागेल, आणि तेही उघडणार नाही, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. "आ कर," ते सवयीने कुलपाला म्हणाले आणि सुई आत घातली.

स्पिरिट आत गेलं. खाली धरलेल्या कापसावर थेंब थेंब बाहेर आलं. डॉक्टरांनी कापूस दिव्यासमोर धरला.

काळंकुट्ट! धुळीचा चिखल असता तर मातकट आला असता. हा गुळगुळीत, बोटाला लागला की चमकणारा काळा लगदा होता. त्यांनी पुन्हा स्पिरिट सोडलं. पुन्हा काळं. आरसा लावून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला. निदान होईना. आणि निदान झालं नाही की डॉक्टरांना घाम फुटायचा.

"काय चाललंय?"

दारात बायको उभी होती. तयार होऊन आलेली, गळ्यात निळा रुमाल. डॉक्टरांनी मान बाहेर काढायच्या गडबडीत कपाळ स्टिअरिंगवर आपटून घेतलं, तसा हॉर्न वाजला. तो मात्र उत्तम चालत होता.

"चावी फिरत नाही," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "आणि आतून हे काय येतंय बघ. अगं, एकदा, फक्त एकदा तुला घेऊन जायचं होतं मला यातून. ती वेळ आली आणि हिने डाव साधला. माझं नशीबच..."

बायकोने कापूस हातात घेतला. अंगठ्याने तो काळा लगदा चोळला. मुलांच्या वहीतली शेडिंग तपासताना ती असाच अंगठा फिरवायची. मग ती तो निरखून बघायला लागली. ती अशी निरखून बघायला लागली की डॉक्टरांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं, म्हणून त्यांनी पटकन कबूल केलं, "मी दर रविवारी तेल सोडतो कुलपात. थेंबभरच."

"तेल?" ती ओरडलीच. "अहो, तेल सोडता तुम्ही? तरीच! तरी मी म्हणते, इतकं जड का जायला लागलंय!"

"काय जड जायला लागलंय?"

बायकोने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"शिसपेन्सिल आहे ती," ती कापसाकडे बघत म्हणाली. "सहा बी, मऊ आणि काळीभोर. चावीवर गर्द घासायची आणि आत-बाहेर करायची, की कुलूप लोण्यासारखं चालतं. शाळेतल्या कपाटांना मी तेच करते. पण कोरड्या कुलपाला हो! तेलात शिसं कालवलं तर त्याचा लगदाच होणार."

डॉक्टर गाडीत अर्धे आत, अर्धे बाहेर तसेच बसून राहिले. दिवा अजून कपाळावर जळत होता. चावीवर पेन्सिल. म्हणजे दुसरी चावी. गाडी आणली त्या दिवशी तिच्यापुढे धरलेली, तिने रागाने ड्रॉवरमध्ये भिरकावलेली. पुढे सरकणारी सीट. झुकणारा आरसा. जळून संपणारं पेट्रोल. शेडमधला दुपारचा उजेड! दुपारी ते दवाखान्यात असत आणि तिची शाळा सुटलेली असे. एवढी लक्षणं समोर, आणि हा गाढव कार्बोरेटर खोलत बसला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा नुसती बाजूला घ्यायची होती. माझी स्कूटर अडकली होती मागे." ती बोनेटवर टेकली. "घेतली बाजूला. मग कोपऱ्यापर्यंत नेली. मग... आवडली हो मला. काय सांगायचं? एवढ्या लोकांत नाव बदला म्हणून बसले होते."

"मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर शेजारी येऊन बसला असता. आणि प्रत्येक गिअरला भाषण दिलं असतं. स्कूटर शिकवलीत तेव्हाचं आठवतंय मला." तिचा आवाज एकदम ओला झाला. "आणि तुम्ही ती विकायला काढलीत. मला वाटलं, कंटाळलात. म्हटलं, त्यांची गाडी आहे, मी कोण बोलणारी? शेवटची चक्कर मारू या म्हणालात तेव्हा वर जाऊन रडून आले."

"कंटाळलो?" डॉक्टर म्हणाले. "मी तुझ्यासाठी विकत होतो! तुला जागा हवी म्हणून!"

"मी मागितली होती जागा?"

नव्हती मागितली. एकाने गुपचूप तेल घालायचं, दुसऱ्याने गुपचूप पेन्सिल. दोघांचीही माया, आणि दोघांनी मिळून कुलपाचं तोंड बंद केलं होतं. यातल्या गाढवपणाचा मोठा वाटा आपला, हे डॉक्टरांनी मनोमन मान्य केलं. तेवढा अनुभव होता.

मग दोघं कामाला लागले. ते स्पिरिट सोडायचे, ती कापूस धरायची. काळं, मग करडं, मग फिकट, शेवटी कापूस पांढरा निघाला. रबरी फुग्याने हवा मारून कुलूप वाळवलं. बायकोने रुमालाच्या गाठीतून आपली चावी काढली, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसली आणि चावीवर घासली. आत घातली. स्टिअरिंग डावीकडे किंचित रेटलं, न सांगता. खट्! चावी फिरली आणि इंजिनाने अशी काही डरकाळी फोडली, की डॉक्टरांचे डोळे भरून आले. स्पिरिटचा वास फार आहे, असं ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकात वकील आले. 

"वा, वा! चालू करूनच ठेवलीत?" त्यांनी काळा चष्मा वर सरकवला. "बाई, तुम्हाला चालवताना बघूनच पसंत केली होती हो ही. दुपारी तुम्ही बाजारावरून गेलात की अख्खी दुकानं बाहेर येऊन बघतात."

म्हणजे गावभर माहीत होतं. एकट्या डॉक्टरांना सोडून. त्यांना राग यायला हवा होता, पण आली ती लाज, आणि तिच्या पाठोपाठ हसू.

"वकीलसाहेब, माफ करा," ते म्हणाले. "गाडी विकायची नाही. ती माझी नाही."

"मग कोणाची?"

डॉक्टरांनी नुसता हात दाखवला. बायको केव्हाच स्टिअरिंगमागे बसली होती. तिने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, रुमाल डोक्याला बांधला आणि शेजारच्या सीटवर थाप मारली.

"बसताय ना?"

डॉक्टर सांडले. या बाजूने ते कधी बसलेच नव्हते. समोर धरायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःचे गुडघेच धरले. गाडी फाटकातून सुटली, वकील धुरात दिसेनासे झाले. कोपऱ्यावर तिने दुसरा गिअर टाकला, तो जरा लवकर. डॉक्टरांच्या ओठांवर भाषण आलं. दिवसभर लोकांना आ करा म्हणणाऱ्या त्या माणसाने स्वतःचं तोंड घट्ट मिटून घेतलं. वारा सुटला होता. तिचे केस रुमालातून सुटून उडत होते आणि ती हसत होती. ते बघत राहिले.

बाजार गेला, पूल गेला. शेवटी तीच म्हणाली, "बोला की. फुटाल नाहीतर."

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुझं नाव बदलून ठेवायचं राहिलंय."

"उतरवू का इथे?"

"नको, नको," ते घाईघाईने म्हणाले आणि सीटमध्ये आणखी खाली सरकून बसले.