एकाच जन्मतारखेच्या दोघी सावित्राबाई

या माउली, जवळ सरकून बसा. आमच्या मावळातली एक गोष्ट सांगतो, शेवटपर्यंत ऐका.

वडगावात मोतीबिंदूचं शिबिर होतं. शेवटचा दिवस, डॉक्टर दुपारी परत जाणार. यादी शिबिर भरवणाऱ्या संस्थेतल्या निर्मलाकडे. लोक दोन-दोनदा नावं देतात, म्हणून तिने यादी लावणाऱ्या संगणकाच्या कोडमध्ये नियम लिहिला होता: नाव आणि जन्मतारीख सारखी असेल, तर एकच ओळ ठेवायची.

डोंगरवस्तीच्या सावित्राबाई वाघमारे चाचपडत तिच्या टेबलाशी आल्या. "माजं नाव न्हाई म्हनत्यात, पोरी. एक डोळा गेलाच, दुसऱ्यानं तुजी नुसती सावली दिसतीया."

"आहे की, मावशी! ऑपरेशन झालं असं लिहिलंय."

"ती शेजारची सावित्रा! तिला आता लय दिसतंय, माज्या डोक्यातल्या उवा मोजती!"

निर्मलाने मूळ यादी उघडली. दोघींचं नाव-आडनाव एकच, आणि जन्मतारीखही एकच: एक जानेवारी एकोणीसशे पंचावन्न. वस्तीत जन्म कुणी लिहून ठेवत नाही. सरकारी कागद करताना सगळ्यांना एक जानेवारीच मिळते. तिने नियम काढून कोड पुन्हा चालवलं. खरोखर दोनदा दिलेली नावं वगळूनही, गळलेली एकतीस माणसं यादीत परत आली. यादी घेऊन ती धावली, पण डॉक्टरांची गाडी निघून गेली होती.

"आता पुढच्या वर्षी," डॉक्टर फोनवर म्हणाले.

"तवर टिकंल का गं ह्यो डोळा?" सावित्राबाईंनी विचारलं.

 निर्मला त्यांचा हात धरून रडली.

माउली, आज देवापुढे दिवा लावाल, तेव्हा या सावित्राबाईंची आठवण ठेवा.