विंगेतला आवाज

लच्छू प्रॉम्प्टर गेला आणि गुणवंतरावांचं बोलणंच संपलं. आरमोरीपासून धानोऱ्यापर्यंत ज्याच्या नावावर दिवाळीनंतरच्या मंडईतल्या, म्हणजे गावजत्रेतल्या, नाटकाची तिकिटं खपायची, तो माणूस आता घरात पाणीसुद्धा मागेना.

झाडीपट्टीत नाटक आज या गावात, उद्या त्या गावात. पाठांतराला सवड कुणाला? विंगेत बसलेला प्रॉम्प्टर हळूच वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि सगळा मांडव रडवतो. गुणवंतराव उभ्या हयातीत लच्छूच्याच तोंडून उचलत आले. वाक्य पटलं नाही की कुरकुर करायचे, तेव्हा लच्छू म्हणायचा, "आधी वाक्य उचल, भाऊ. भाव मागून येते." गेल्या हंगामात परतीच्या वाटेवर कंपनीची गाडी उलटली. लच्छू जागीच गेला. शेजारी बसलेल्या गुणवंतरावांना साधं खरचटलंही नाही, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

सुगंधाबाई ताट वाढायच्या आणि तसंच उचलायच्या. धान घरात आलं की आपलं इथलं काम सरलं, असं ते एकदा बायकोला सांगून बसले, तेही हवापाण्याच्या गोष्टी कराव्या तसं. त्या दिवसापासून बाईंनी नवऱ्याला एकटं सोडलं नाही.

अशात सावली गावची दिव्यानी घरी आली. पोर लहानपणीच पुण्याला गेली होती आणि आता मित्रांच्या वर्गणीतून सिनेमा काढत होती. जगण्यावरून मन उडालेला एक म्हातारा शेवटी पुन्हा उभा राहतो, अशी गोष्ट. म्हातारा गुणवंतरावांनीच करावा, असा तिचा हट्ट होता. ते नाहीच म्हणत होते. हो म्हटलं ते बाईंनी. खोटं का होईना, नवरा उभा राहील, एवढीच त्या माउलीची आशा.

सगळा सिनेमा मुका होता. म्हाताऱ्याला बोलायचं होतं ते एकच वाक्य, तेही शेवटी: अजून जगायचं आहे. दिव्यानी ते घरी चुलीपुढे दहादा सांगून गेली होती, बाईंनाही पाठ झालं होतं. शूटिंगच्या दिवशी खळ्यावर तनसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाशी गुणवंतराव उभे राहिले. कॅमेरा सुरू झाला. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि सवयीने डावा कान विंगेकडे लावला.

तिकडे विंग नव्हती. तनसीचा ढीग होता. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

ते वाट बघत राहिले. डोळे भरले, वाक्य काही आलं नाही. दिव्यानीने कट म्हटलं आणि धावत येऊन त्यांच्या पाया पडली. वाक्याची गरजच नाही, ती सांगू लागली. जगणं त्यांना हाक मारतंय आणि ते कान देऊन ऐकताहेत, असं पडद्यावर दिसलंय. शूटिंगच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा भर प्रयोगात वाक्य अडलं होतं, आणि त्यालाच टाळी पडली होती. गुणवंतराव टोपी घेऊन घराकडे चालू लागले.

घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले. बाईंनी ताट पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते सरकवलं. म्हणाले, "आता सांगनारं कोनी नाई, सुगंधा. मले काहीच येऊन नाई राह्यलं."

बाई उठल्या. भांडायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड, नवऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या आणि लच्छू सांगायचा तशा दबक्या आवाजात म्हणाल्या, "मले अजून..."

"मले अजून," गुणवंतराव म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, तोंडातून निघूनच गेलं. इतक्या वर्षांची सवय ती.

पुढचं आलं नाही. दाराआड बाईंना हुंदका फुटला होता आणि पदर तोंडात कोंबूनही तो आवरत नव्हता. लच्छूने एकही वाक्य कधी अर्ध्यावर सोडलं नव्हतं. गुणवंतराव कान लावून थांबले. त्यांना ऐकू येत होतं ते फक्त बायकोचं रडणं.

"...जगाचं आहे," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पहिल्या रांगेतही पोचला नसता.

भाव काही आला नव्हता, तो मागून यायचा होता. त्यांनी ताट पुढे ओढलं, पहिला घास घेतला आणि त्याची वाट बघत चावत राहिले.