गप्प बसलं की तुटतं

तिला सगळे कारणबाई म्हणत. संगणकाच्या मुळाशी कर्नल नावाचा जो प्रोग्रॅम असतो, त्यातले वायफायचे ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्डाला कामाला लावणारा कोड, तपासायचं काम तिच्याकडे होतं. कुणी दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवला की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: असं का? कारण दिलेलं नसेल तर पॅच आल्या पावली परत.

त्या दिवशी आलेला पॅच अगदीच चिमुकला होता. एका जुन्या वायफाय कार्डाचा. कार्ड झोपेतून उठलं की लगेच कामाला जुंपू नका, जरा दम धरा, एवढंच त्यात होतं. सोबत लिहिलेलं, ‘हे टाकलं की चालतं.’

“अरे बाबा, पण का चालतं?” ती पुटपुटली आणि पाठवणाऱ्याला तसंच विचारलं.

उत्तर आलं, ‘नक्की माहीत नाही. लॅपटॉपवरून फोन लावला आणि बोलत राहिलं की ठीक. दोन्हीकडून गप्प बसलं की तुटतं.’

आता मात्र तिला चैन पडेना. कोड उघडून बसली ती बसलीच, चहाचं पार पाणी झालं. शेवटी सापडलं. बोलणं थांबलं की काही येत-जात नाही, मग कार्ड बॅटरी वाचवायला डुलकी काढतं. आणि जाग आली की ड्रायव्हर त्याला डोळे चोळायचीही फुरसत देत नाही. बिचारं भांबावतं आणि फोन तुटतो.

कार्ड ओळखीचं वाटत होतं. वाटणारच. आईच्या खोलीतल्या लॅपटॉपमध्ये हेच होतं, आणि तो लॅपटॉप आधी हिचाच. इतकी वर्षं वापरूनही हिला पत्ता लागला नाही, कारण फोनवर गप्प बसणं बाईंच्या रक्तातच नव्हतं.

मग तिला त्या लॅपटॉपवरून होणारे आईचे फोन आठवले. धाकट्या भावाने परस्पर लग्न ठरवल्यापासून आईचे आणि त्याचे फोन असेच व्हायचे. दोन वाक्यं, मग अबोला, मग फोन बंद. “कापला त्याने,” आई म्हणायची. “आईनेच कापला,” तो म्हणायचा. आता तर कुणीच कुणाला लावत नव्हतं. दोघंही हट्टी, असं म्हणून ही मोकळी झाली होती. तिथे कारण विचारायचं काही हिला सुचलं नव्हतं.

तिने पॅच आईच्या लॅपटॉपवर चढवला. “त्याला फोन लाव. मला तपासायचंय.”

“मी काय बोलू त्याच्याशी?”

“काही बोलू नकोस. तेच तपासायचंय.”

ही पोरगी कामातून गेली, अशा नजरेने आईने पाहिलं, पण लावला. “हं,” धाकटा म्हणाला. “हं,” आई म्हणाली. मग दोघंही गप्प. कारणबाई पडद्यावर कार्डाच्या नोंदी बघत होती. कार्ड झोपलं. उठलं. पुन्हा झोपलं, पुन्हा उठलं.

आईचा हात सवयीने झाकण मिटायला गेला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “आई, अजून आहेस?”

“आहे की. मला वाटलं, तू कापलास.”

“मी कधीच कापला नव्हता.”

“मीही नाही रे,” आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. “बरं, ती मुलगी करते काय, ते तरी सांग.”

कारणबाई हळूच बाहेर आली. पाठवणाऱ्याला तिने कळवलं, ‘पॅच घेतला. कारण मी लिहिते.’