सुट्या पेशी

नांदूरघाटच्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी उघडली, तशी भिवराबाई दोन गायी आणि एक म्हैस घेऊन तिथंच राहायला गेली. ती डॉक्टर त्रिंबकची चुलती. त्याचे आईबाप ऊसतोडीला जात, तेव्हा सहा-सहा महिने त्याला सांभाळलं ते हिनंच. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि नवरा आसाराम अबोल. त्रिंबक डॉक्टर झाला, त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीत गूळ वाटला होता.

त्रिंबक सरकारी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजिस्ट होता. शरीरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरात तेच नाहीसं होतं. पेशी सुट्या होतात आणि एकेक करत रांगेनं पसरतात. अशा कॅन्सरात पुष्कळदा गाठ होतच नाही. सहा वर्षं त्याचा अभ्यास चालला होता तो यावरच.

फेब्रुवारीत संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांनी त्याला छावणीतल्या बायांपुढं बोलायला बोलावलं. सत्तर-ऐंशी बाया जमल्या. अर्ध्यांचं लक्ष टँकरच्या वाटेकडं होतं. त्रिंबकनं ठरवलं, सोपं आणि थोडक्यात सांगायचं. "महिन्यातून एकदा हातानं तपासा. गाठ लागली तर लगेच दवाखान्यात या." गाठ नसलेल्या कॅन्सरचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण बाया उठायला लागल्या होत्या. त्यानं ते राहू दिलं. भिवराबाई पुढंच बसली होती. शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "आमचा त्रिंबक."

जूनमध्ये आसारामचा फोन आला. काकूला उठवत नव्हतं. पाण्याच्या घागरींनी कंबर धरली असं सगळे म्हणत होते. कॉलेजच्या दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये मणके पोखरलेले दिसले. मग सर्जन बाईंनी तपासलं, तर डावा स्तन सगळाच घट्ट झालेला आणि बोंड आत ओढलेलं.

"काकू, हे कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"गाठ कुठं व्हती?" भिवराबाई म्हणाली. "तूच म्हणालतास, गाठ लागली तर या. मी रोज चाचपून बघायची. न्हाईच लागली. मग तुला कशाला तरास?"

सांगितलेलं नीट पाळलं, याचं समाधान तिच्या आवाजात होतं.

तिच्या स्तनातून काढलेल्या तुकड्याची स्लाइड सहकारी बघणार होता, पण त्रिंबकनं ती स्वतःच घेतली. ते प्रथिन असतं, तर तपकिरी रंग चढला असता. कुठंच चढला नव्हता. पेशी एकामागं एक, अगदी सरळ ओळींत. इतका स्पष्ट नमुना सहा वर्षांत त्याच्या हाती आला नव्हता, आणि एक क्षण त्याला ते बरं वाटलं. मग तो खुर्ची मागं ढकलून बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

संध्याकाळी तो तिच्या खाटेपाशी बसला. "काकू, चुकी माझी हाय. गाठ नसतानाबी असतंय. मला म्हाईत होतं. मी सांगितलं न्हाई."

भिवराबाईनं उशीवरची मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाली, "म्हशीची धार कोण काढतंय रे? ती दुसऱ्याला पान्हवत न्हाई."

श्रावणात ती गेली.

पावसानं दडी मारली होती, छावणी चालूच होती. तेराव्यानंतर त्रिंबक पुन्हा तिथं गेला. बायांना म्हणाला, "मागं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं." मग कातडी जाड होणं, बोंड आत जाणं, एक बाजू घट्ट वाटणं, सगळं एकेक करून सांगितलं. शेवटी दोन बाया पदर सावरत पुढं आल्या. त्यानं त्यांना चिठ्ठ्या लिहून दिल्या.

आसाराम दावणीपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. बाया पांगल्यावर तो जवळ आला.

"हे तवाच सांगाया किती येळ लागला असता?"

"दोन मिनिटं, काका."

आसारामनं मान हलवली. मग बादली उचलून तो म्हशीला पाणी दाखवायला गेला.