टेंभरीच्या शाळेची घागर

रुपराव पाटलांच्या बगिच्यात मृगबहाराच्या संत्र्यांचा ढीग पडला होता आणि अंजनाबाई त्यातून मोठी, मधली, बारकी अशी फळं वेगळी करत होती. तिच्यासारखी निवड टेंभरीत कोणाची नव्हती. फळ हातात घेतलं की आत रस किती, ते तिला सालीवरूनच कळे. तिनं निवडलेली पहिली टोपली पाटलांच्या घरी जाई, देवापुढं ठेवली जाई आणि मग घरातली माणसं ती खात. संत्र्याला साल असते, म्हणून ते बाटत नाही, असा टेंभरीनं शोध लावला होता. पाण्याला साल नसते, हा सगळा पाण्याचा दोष.

सत्त्याहत्तर सालचा मार्च निम्मा सरला होता. सकाळी नऊलाच काळ्या जमिनीतून वाफा निघत. अशात अंजनाबाईची शामला शाळेचं दप्तर घेऊन बांधावरून येताना दिसली. ओठ सुकून पांढरे झालेले.

"काहून आली वं? शाळा सुटली?"

"नाई. गुरुजी म्हणते, घरी जाऊन पाणी पिऊन ये."

"शाळेतलं पाणी सरलं का?"

"हाये ना. पण मी आपल्या हातानं घेतलं. माठात गडवा बुडवला. तं माठ बाटला म्हणते."

"अन् कायले बुडवला? तुळसाबाई वरून वाढते ना?"

"तुळसाबाई नोहती. अन् भितीवर तं लिवलं हाये, शाळेत जातीवरून भेदभाव करू नये म्हणून. मीच लिवलं ना माय. गुरुजी म्हणे, तुहं अक्षर चांगलं हाये, तू लिव."

ही गोष्ट खरी होती. नागपूरहून परिपत्रक आलं होतं आणि वामनराव गुरुजी वरून आलेला कागद कधी मोडत नसत. परिपत्रकातली वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून दर्शनी भागी लावावीत, असा हुकूम होता. गुरुजींनी चौथीतल्या शामलाला बसवून ती लिहून घेतली आणि पुठ्ठ्यावर चिकटवून बरोबर माठाच्या वर टांगली. आता आपण लिहिलं ते खरं असतं, अशी समजूत त्या पोरीनं करून घेतली. नऊ वर्षांची पोर, तिला सरकारी कागदाचा अनुभव तो किती असणार.

अंजनाबाईनं ढिगाच्या पलीकडं पाहिलं. तिथं वस्तीतल्या यमुताईच्या दोन मोठ्या पोरी संत्री टोपल्यात भरत होत्या. दोघीही शाळेत हुशार होत्या. त्यांनाही कोणी मारलं नव्हतं की हाकललं नव्हतं. तहान लागली की बौद्धपुऱ्यात, अर्ध्या मैलावर घरी जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. उन्हाळ्यात जाता येता गणिताचा तास बुडे. मग एक दिवस पोर घरी जाई आणि परत येत नसे. शाळेच्या पटावर 'गैरहजर' लागे, पुढं नाव कटे. महिन्याभरात चौथीची परीक्षा होती. पास झाली तर शामला पाचवीला कामठीला जाणार होती, तिचा बाप शालिकराम तिथं मागावर कामाला होता. नापास झाली तर तिच्यासाठी टोपली तयारच होती.

तिनं हातातलं संत्रं ढिगावर ठेवलं, पदर खोचला आणि पोरीला घेऊन शाळेत गेली.

वामनराव गुरुजी कोणावर ओरडत नसत. ते इतके गोड बोलत की समोरच्याला आपलंच काही चुकलं असं वाटे.

"या अंजनाबाई. हे पाहा, आमच्या शाळेत भेदभाव नाहीच. भिंतीवर लिहिलंच आहे. पण माठ दिला पाटील साहेबांनी, वडलांच्या आठवणीत. गावाच्या भावनांचाही विचार करावा लागतो."

"गावात आमी नाई का गुरुजी?"

"आहात की. म्हणून तर पोरीला शाळेत घेतली. तुम्ही धर्म बदलला, चांगलं केलं. पण विहीर थोडीच बदलते?"

अंजनाबाई बारा वर्षांची असताना बापासंगं पायी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. त्याला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत देव बदलले, घरातली भांडणं बदलली, गुरुजींचं टक्कलसुद्धा वाढलं. पाटलांची विहीर तेवढी जिथल्या तिथं होती.

"मंग आता या माठाचं काय करता?"

"मातीचं भांडं बाटलं की घेता येत नाही. फोडण्यापेक्षा तुम्हीच घेऊन जा. नवाकोरा आहे."

अंजनाबाईनं चुंबळ केली, माठ डोक्यावर घेतला आणि घरी आणला. पाटलांच्या वडलांच्या आठवणीतलं पाणी बौद्धपुऱ्यात फार गार लागलं. संध्याकाळी तिनं शामलाला जवळ घेतलं.

"उद्या नवा माठ येईन. तहान लागली तं पेजो. कोणाले विचारजो नोको."

"अन् गुरुजी बोलले तं?"

"भितीकडे बोट दाखवजो."

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या खर्चानं नवा माठ आला. शामलाला तहान लागली. माठ बौद्धपुऱ्यात आला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. चौथ्या दिवशी बाटवायला वस्तीतली बाकीची पोरंही तयार झाली आणि बायांनी पाळ्याच लावून टाकल्या. "यमुताईचा माठ झिरपते, आज तिच्या लहानीले तहान लागू द्या," असं सकाळीच ठरे. आठवडाभरात वस्तीत ज्याच्या घरी पाहावं त्याच्या घरी नवा माठ. शाळेच्या इतिहासात मागासवर्गाच्या पदरात इतकी मोठी मदत कधी पडली नव्हती, आणि तिचा अर्जही करावा लागला नव्हता.

सातव्या माठाला रुपराव पाटलांच्या ध्यानात आलं. ते तणतणत शाळेत गेले.

"गुरुजी, माह्या बापाच्या आठवणीत तुमी अख्खा बौद्धपुरा गार करून राहिले का गा?"

दोघांनी डोकं लावलं. माती बाटते ती कायमची. पितळ तसं नाही. पितळ राखेनं घासलं की पुन्हा शुद्ध. तेव्हा पाटलांच्या घरची मोठी पितळी घागर शाळेत आली. पोरं काय प्यायची ती पिवोत. पिऊन झालं की पाणी ओतायचं, घागर घासायची, नवं भरायचं. परिपत्रकही मोडत नव्हतं आणि धर्मही. दोघंही खूष झाले. घासायचं कोणी, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. घासायला तुळसाबाई होती.

तुळसाबाई गावातलीच विधवा. जातीनं वरची, पोटानं खालची. शाळा झाडायची, पाणी भरायचं आणि वस्तीतल्या पोरांच्या ओंजळीत वरून धार सोडायची, एवढी तिची नोकरी. आता वस्तीतली अकरा पोरं पाळीपाळीनं घागरीत गडवा बुडवू लागली. एक पोर प्यालं की तुळसाबाई घागर उपडी करी, राख घेऊन घासत बसे, पाटलांच्या विहिरीवरून भरून आणी. तेवढ्यात दुसऱ्याला तहान लागे. पहिल्या दिवशी चारदा, दुसऱ्या दिवशी सहादा. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती भर उन्हात बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"अंजने, बाहीर ये वं."

अंजनाबाई बाहेर आली.

"तुह्या पोरीले सांग, दिवसातून एकदाच तहान लागू दे म्हणा. हे पाह्य माहे हात." राखेनं बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यातून रक्त येत होतं. "धर्म गुरुजीचा, घागर पाटलाची, अन् कातडं माहं झिजून राहिलं."

भांडायला आलेली बाई रडायच्या बेतात होती. अंजनाबाईला तिचा राग आला नाही. तिनं घरातून वाटीत गोडंतेल आणलं. तुळसाबाईनं वाटीकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हात पुढं केले. अंजनाबाई तिच्या बोटांना तेल चोळू लागली. तेल बाटलं की हात बाटले, याचा विचार करायला तुळसाबाईला त्या वेळी सवड नव्हती.

"तुळसाबाई, एक विचारू? नाई घासली तं काय होईन?"

"गुरुजी ओरडते ना."

"गुरुजी उठून पाह्यते?"

तुळसाबाईनं आठवून पाहिलं. "नाई. खुर्चीत बसल्या बसल्या आवाज ऐकते. दगडावर घसघस वाजलं की डोये मिटते."

"मंग वाजव ना. राख दगडाले लाव, घागरीले काहून लावते?"

"पाप लागन का वं?" तुळसाबाईनं हळूच विचारलं.

"लागलं तं अर्धं माहं."

दुसऱ्या दिवसापासून तुळसाबाई शाळेच्या मागं दगडावर नारळाची शेंडी घासू लागली. आवाज असा सुरेख येई की गुरुजी वर्गात समाधानानं डोळे मिटत. घागर जागची हलत नव्हती. शामलाचा गडवा बुडाला त्याच पाण्यात पाटलांच्या नातवाचा बुडे आणि त्यातलंच पाणी गुरुजी पितळी पेल्यातून पीत. तीन आठवडे हे चाललं. कोणाला उलटी झाली नाही, कोणाच्या देवानं तोंड फिरवलं नाही. शामलाचा गणिताचा एकही तास बुडला नाही आणि तुळसाबाईची बोटं भरून आली.

एप्रिलात नागपूरहून साहेब तपासणीला आले. परिपत्रकाची अंमलबजावणी कशी काय आहे, हे त्यांना पाहायचं होतं. शाळा शेणानं सारवली. पालकांना बोलावलं. पाटील फेटा बांधून आले. अंजनाबाई आणि वस्तीतल्या बाया मागं उभ्या राहिल्या. गुरुजींनी समतेवर भाषण केलं. "या शाळेत सर्व मुले एकाच घागरीचे पाणी पितात," हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. आपण खोटं बोलतोय असं त्यांना तिन्ही वेळा वाटलं आणि बिचारे तिन्ही वेळा खरंच बोलले. बोलता बोलता उन्हानं त्यांचा घसा सुकला.

साहेबांनी ते पाहिलं. भिंतीवरच्या पाटीखालीच शामला बसली होती. "बेटा, हे अक्षर कोणाचं? तुझं? वा. जा, गुरुजींना पाणी आण," साहेब म्हणाले.

शामला उठली. घागरीत पेला बुडवून भरला आणि गुरुजींपुढं धरला. गुरुजींनी पेल्याकडं पाहिलं, पाटलांकडं पाहिलं. पाटील छताकडं पाहू लागले. साहेब हसत वाट पाहत होते. पेला पोरीच्या हातात तसाच राहिला.

तुळसाबाई घागरीजवळच उभी होती. ती पुढं झुकली आणि गुरुजींच्या कानाशी म्हणाली, "प्या गुरुजी. तीन हप्ते झाले, हेच पिऊन राहिले तुमी."

गुरुजींचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. पण साहेब समोर होते आणि वरून आलेला कागद गुरुजी कधी मोडत नसत. ते घटाघट प्याले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून पाटलांनाही वाजवाव्या लागल्या. 'मुख्याध्यापकांच्या प्रयत्नांतून या शाळेतील भेदभाव समूळ नष्ट झाला आहे,' असा शेरा वहीत पडला.

शामलालाही तहान लागली होती. ती गुरुजींच्या हातातला रिकामा पेला घेऊन घागरीकडं गेली. पण पाण्यात बुडवण्याआधी थांबली. कोपऱ्यातली राख घेतली आणि सगळ्यांच्या देखत, खाली बसून, तो पेला घासू लागली. आतून, बाहेरून, कडेनं. घसघस आवाज साऱ्या शाळेत घुमला.

"शामले," अंजनाबाई मागून म्हणाली, "काहून घासून राहिली वं?"

"गुरुजी प्याले ना त्याच्यातून," शामला मान वर न करता म्हणाली. "दुसरं कोणी प्यालं की घासा लागते. आमच्या शाळेत असंच करते."